गुऱ्हाळाला चिपाड पुरत नाही? चुलवाण पाडण्याआधी पाण्याचा हिशेब मांडा

प्रश्न असा आहे: कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात घरचं जुनं गुऱ्हाळ, एकच काहील (रस आटवायची मोठी कढई), दिवसाला पाच आधणं (रस आटवायच्या खेपा). चिपाड (रस काढून उरलेला उसाचा चोथा) पुरत नाही म्हणून लाकूड आणि मिळेल ते जळण विकत आणावं लागतं, मोसमाच्या सुरुवातीला तर फारच. उतारा (उसाच्या वजनाच्या किती टक्के गूळ निघतो तो) साडेदहा टक्क्यांच्या वर जात नाही. अशा वेळी कर्ज काढून स्टीम बॉयलरचा प्लांट घालावा, की जुनं चुलवाण (काहिलीखालची भट्टी) पाडून नवीन बांधावं?

माझ्या मते आत्ता दोन्ही नको. तुम्ही जळण आणि उतारा हे दोन वेगळे प्रश्न म्हणून मांडलेत. दोन्हींच्या मुळाशी पाणी आहे: रसातलं, चिपाडातलं, आणि आपणच नकळत घातलेलं. किती पाणी उडवतोय आणि त्यासाठी किती जाळतोय हे मोजलं नाही, तर नवीन चुलवाणही जुन्यासारखंच चिपाड खाईल.

एक टन उसाचा हिशेब घेऊ. घाणा बऱ्यापैकी असेल तर ६०० किलो रस निघतो. रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या घन पदार्थांची टक्केवारी) २० धरला तर त्यात १२० किलो साखर-क्षार वगैरे घन पदार्थ आणि ४८० किलो पाणी. रस ३० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायचा आणि मग हे जवळपास सगळं पाणी उडवायचं, याला साधारण १,२५० मेगाज्यूल उष्णता लागते. आता जळण बघा. त्याच टनातून ४०० किलो ओलं चिपाड पडतं. ते नीट वाळलं, म्हणजे ओलावा दहा टक्क्यांपर्यंत आला, तर २०० ते २०५ किलो उरतं. वाळल्या चिपाडात किलोला साधारण १५.५ मेगाज्यूल मिळतात, म्हणजे एकूण ३,१०० ते ३,२०० मेगाज्यूल. हातात गरजेच्या अडीच पट उष्णता आहे आणि तरी जळण पुरत नाही, कारण जुन्या एकेरी काहिलीच्या चुलवाणात त्यातली पाव ते तिसरा हिस्साच रसात उतरते. बाकीची धुराड्यातून, भिंतींतून आणि अर्धवट जळालेल्या चिपाडातून जाते. तीस टक्के धरले तर टनाला २७० किलोच्या आसपास वाळलं चिपाड लागतं. तूट टनामागं ६०-६५ किलोची. तुमची लाकडं तिथं जातात.

बाहेरचं जळण बंद करायचं तर ही तीस टक्क्यांची उष्णता चाळिशीच्या जवळ न्यायला हवी. एका झटक्यात कुठलीच एक गोष्ट ते करत नाही. तीन-चार जागी थोडं थोडं वाचवलं की जमतं, आणि यातली बरीच कामं मोठ्या खर्चाशिवाय होतात.

सगळ्यात आधी चिपाड वाळवणं, कारण सुरुवातीची टंचाई बहुतेक वेळा इथूनच येते. ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतो, पुढं दव असतं, गेल्या मोसमाचं चिपाड संपलेलं असतं, मग आज पडलेलं उद्या चुलवाणात जातं. ओल्या चिपाडानं किती नुकसान होतं? कागदावर मोजलं तर निम्म्याहून जास्त ओलं चिपाड आणि दहा टक्के ओलाव्याचं चिपाड यांत पंधरा टक्क्यांच्या आसपासच फरक येतो. प्रत्यक्षात नुकसान कितीतरी जास्त होतं, कारण ओलं चिपाड आधी स्वतःचं पाणी उडवतं, ज्वाला थंड पडते, चिपाडातून सुटलेला वायू पुरता न जळता धूर होऊन निघून जातो आणि काहिलीच्या बुडाला काजळी धरते. ती काजळी पुढच्या आधणालाही उष्णता आत जाऊ देत नाही.

वाळलं की नाही हे हातावर अंदाजानं ठरवू नका. ताज्या चिपाडाचं दहा किलो भरलेलं एक जाळीदार पोतं रिकामं करून ते चिपाड बाकीच्याबरोबरच पसरा, फक्त त्याची जागा खुणेनं वेगळी ठेवा. तेवढंच गोळा करून पुन्हा वजन केल्यावर सव्वापाच-साडेपाच किलो भरलं तर चिपाड जाळायला तयार आहे. सात किलो भरलं तर अजून तिसऱ्या हिश्शाएवढं पाणी त्यात आहे. असं चिपाड वरून खडखडीत वाटतं, पण मधल्या जाड कांडीचा तुकडा मोडला तर तो तुटत नाही, वाकतो, आणि आतला भेंड बोटाला गार लागतो.

जागेचा अंदाज: पाच आधणांना दिवसाला सुमारे आठ टन ऊस धरला तर तीन टनांहून थोडं जास्त ओलं चिपाड पडतं. ते चार बोटं जाडीनं पसरायला अडीच-पावणेतीन गुंठे लागतात. उन्हात तीन दिवस लागतात असं धरलं तर आठ गुंठे खळं हवं. बहुतेक गुऱ्हाळांत एवढी जागा नसते, मग थर जाड होतो आणि खालचं चिपाड आंबतं. जागा कमी असेल तर थर जाड करण्याऐवजी दिवसातून दोनदा उलथा. संध्याकाळी ऊन उतरायच्या आत लांबट ढीग लावा, सकाळी दव उडाल्यावर पुन्हा पसरा. रात्रभर पसरलेलं चिपाड दवानं दिवसाची कमाई घालवतं. मोसम संपताना आठ-दहा दिवसांचं वाळलं चिपाड पत्र्याच्या शेडमध्ये, जमिनीपासून वर, पुढच्या ऑक्टोबरसाठी राखून ठेवा. सुरुवातीची लाकडं यानंच थांबतात. ढीग लावताना चिपाड ओलसर असेल तर आतून तापतं आणि पेटही घेऊ शकतं, म्हणून शेडमध्ये जाणारं चिपाड पूर्ण वाळलेलंच हवं.

आता चुलवाण. पाडायच्या आधी त्याला हवा कुठून मिळते आणि धूर कसा निघतो ते बघा. धुराड्याकडं पाच मिनिटं नीट पाहिलं तरी बरंच कळतं. काळा धूर म्हणजे चिपाड एकदम जास्त टाकलंय किंवा जाळीखालून हवा मिळत नाही. पांढरा, दाट, पटकन विरणारा धूर म्हणजे चिपाड ओलं. धूर अजिबात नाही, पण रात्री धुराड्याच्या तोंडाशी ज्वाला दिसते किंवा धुराडं तळाशी लालसर होतं, तर ओढ जास्त आहे आणि तुमची उष्णता आभाळात चालली आहे. राखही बघा. करडी-पांढरी राख ठीक. काळे कोळशासारखे तुकडे दिसत असतील तर जळण न जळताच खाली पडतंय.

जाळ घालण्याची पद्धत सुधारण्यात खर्च शून्य आणि फायदा मोठा. मोठी कवळी एकदम लोटली की ज्वाला काही मिनिटं दबते, मग एकदम भडकते. दबते तेव्हा धूर जातो आणि भडकते तेव्हा उष्णता धुराड्यात जाते. थोडं थोडं, सतत टाकावं आणि तोंडाला झाकण असावं. उघड्या तोंडातून शिरणारी गार हवा जाळीतून न जाता थेट काहिलीखालून धुराड्यात पळते, वाटेत ज्वाला गार करते. लोखंडी पत्र्याचं वरून टांगलेलं झुलतं झाकण बसवलं की टाकल्यावर ते आपोआप बंद होतं. राखेचा खड्डा दर दोन आधणांनी मोकळा करा. खड्डा भरला की खालची हवा बंद होते, आणि जाळ घालणारा गडी ते भरून काढायला चिपाड वाढवतो. तेच काळ्या धुराचं सगळ्यात नेहमीचं कारण.

धुराड्याच्या बुडाशी सरकती झडप नसेल तर बसवून घ्या. सुरुवातीला पूर्ण उघडी, जाळ बसल्यावर अर्धी, आणि पाक आटत आला की आणखी कमी. काहिलीच्या काठाखालच्या फटी, भिंतीच्या भेगा माती-शेणाच्या गिलाव्यानं दर आठवड्याला बुजवा. अंधार पडल्यावर चुलवाणाभोवती फिरलं तर कुठं उजेड दिसतो ते कळतं, तिथंच हवा शिरते. आतली भिंत साध्या विटांची असेल तर दरवर्षी ढासळते. ज्वाला लागते तेवढ्या भागात तरी भट्टीच्या विटा लावाव्यात. जाळी आणि काहिलीचं बूड यांतलं अंतर फार कमी असेल तर ज्वाला गार बुडावर आपटून अर्धवट विझते आणि काजळी धरते. फार जास्त असेल तर भिंती तापतात. तुमचं अंतर नेमकं किती हवं ते काहिलीच्या व्यासावर आणि तासाला किती चिपाड जाळता यावर ठरतं, त्यामुळं इथून आकडा सांगणं बरोबर नाही.

काहील लोखंडी की स्टेनलेस स्टीलची, असा उपप्रश्न तुम्ही घातलाय. जळणाच्या बाबतीत फरक नगण्य. उष्णतेला खरी अडचण होते ती धुराकडून पत्र्यात जाताना. पत्र्यातून रसात जायला फारशी होत नाही. म्हणून बुडाची काजळी दर आठवड्याला खरवडणं हे काहील बदलण्यापेक्षा जास्त कामाचं. बुडाला बाहेरून लोखंडी पट्ट्या उभ्या जोडून घेतल्या तर उष्णता घ्यायला पृष्ठभाग वाढतो आणि फायदा होतो, फक्त त्या पट्ट्यांमधली काजळी साफ करायचा कंटाळा करून चालत नाही. स्टेनलेसचा फायदा वेगळा आहे: गंज आणि लोखंड रसात उतरत नाही, गूळ काळवंडत नाही. ते कारण पुरेसं चांगलं आहे, पण ते जळण वाचवण्याचं कारण नाही.

यानंतर माझ्या मते पैसे घालायचेच असतील तर पहिले इथं घाला: धूर काहिलीखालून निघून धुराड्याकडं जातो त्या वाटेवर दुसरी, उथळ काहील. एकेरी काहिलीतून निघणारा धूर इतका तापलेला असतो की त्यावर पुढच्या आधणाचा रस ८० अंशांपर्यंत फुकट तापतो. एक टन उसाच्या रसाला ३० वरून ८० वर न्यायला साधारण ११५ मेगाज्यूल लागतात, म्हणजे एकूण गरजेच्या नऊ टक्के. चिपाडात मोजलं तर टनामागं वीस-पंचवीस किलो. शिवाय मुख्य काहिलीत प्रत्येक आधणाचा वेळ कमी होतो. साठ-पासष्ट किलोच्या तुटीतला तिसरा हिस्सा एवढ्यानंच भरतो. उरलेला वाळवण आणि हवेचा बंदोबस्त यांतून भरतो.

या दुसऱ्या काहिलीत दोन गोष्टी बिघडतात. एक, ती रिकामी राहिली तर पत्रा जळतो, म्हणून रस काढल्यावर लगेच नवा रस किंवा निदान पाणी हवं. दुसरी, रस कोमट अवस्थेत तासन् तास पडून राहिला तर आंबतो, आणि आंबट रस जास्त तापला तर त्यातली साखर फुटते. मग गूळ बसत नाही. म्हणून रस या काहिलीत घेतानाच चुन्याची निवळी घालून आम्लता कमी करा, आणि घाण्याचा वेग आधणाच्या वेगाशी जुळवा, म्हणजे रस साठून राहणार नाही.

आता उतारा. साडेदहा टक्के दोन प्रकारे येऊ शकतो. ब्रिक्स २० आहे पण घाणा ५४-५५ टक्केच रस काढतोय, किंवा रस ६० टक्के निघतोय पण ब्रिक्स १८ च्या आत आहे. दोन्हींत गुणाकार जवळपास सारखा येतो, उपाय मात्र पूर्ण वेगळे. त्यामुळं आधी मोजा. शंभर किलो ऊस वजन करून घाण्यातून काढा, रस वजन करा. हातातला ब्रिक्समीटर फार महाग नसतो, तो घ्याच.

घाणा कमी पडत असेल तर रोलरवरचे चर झिजलेत का, मागची फट सैल झालीय का ते बघा. पुढची फट, जिथून ऊस आत जातो, ती मागच्या फटीपेक्षा मोठीच असते. रस मागच्या फटीच्या दाबावर निघतो. आवळताना एकदम आवळू नका. जास्त आवळलं की चिपाडाचा भुसा होतो, मोटर जादा ॲम्पिअर ओढते आणि रोलर घसरू लागतात. भुसा झालेलं चिपाड जाळीतून खाली गळतं, म्हणजे रस वाढवायला जाऊन जळण गमावलं. मूठभर चिपाड घेऊन घट्ट पिळा: तळवा ओलसर व्हावा, थेंब पडू नये.

इथं एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. रसाचं प्रमाण ५५ वरून ६२ वर नेलं की टनाला चौदा किलोच्या आसपास गूळ वाढतो, पण ५५ लिटरच्या आसपास पाणीही जास्त उडवावं लागतं, आणि चिपाडातली तेवढी साखर गेल्यानं जळणही थोडं घटतं. एक लिटर पाणी उडवायला तुमच्या चुलवाणात अर्धा किलोहून थोडं जास्त वाळलं चिपाड जातं. म्हणजे घाणा सुधारला की चिपाडाची तूट वाढणार. म्हणूनच क्रम महत्त्वाचा: आधी वाळवण आणि चुलवाणाची हवा, मग धुराच्या वाटेवरची मागची काहील, आणि त्यानंतर घाणा आवळा. उलट क्रमानं गेलात तर गूळ वाढेल आणि लाकडाचं बिलही वाढेल. याच कारणानं चिपाडावर पाणी मारून दुसऱ्यांदा घाण्यात घालू नका, आणि काहील किंवा रसाची टाकी धुतल्यावर पाणी रसात सोडू नका. दहा लिटर पाणी म्हणजे साडेपाच-सहा किलो चिपाड.

ब्रिक्स कमी असेल तर दुखणं शेतात आहे. १८ ब्रिक्सच्या रसापासून टनाला १०८ किलो आणि २१ ब्रिक्सच्या रसापासून १२६ किलो घन पदार्थ मिळतात, आणि दोन्हींना लागणारा जाळ जवळपास तोच. कच्चा ऊस गाळणं म्हणजे तेवढंच चिपाड जाळून टनामागं अठरा किलो गूळ सोडून देणं. गुळासाठी को ९२००५, को ८६०३२, कोसी ६७१ हे वाण आपल्याकडं चांगले ठरलेत. को ९२००५ तर कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रानंच गुळासाठी पुढं आणलेला. तिथं जाऊन विचारलं तर तुमच्या जमिनीला कोणता वाण बरा तेही सांगतील. पण वाणापेक्षा पक्वता मोठी. बांधणीनंतर (उसाला मातीची भर दिल्यावर) नत्र देणं थांबवा. उशिरा दिलेल्या युरियानं ऊस हिरवा राहतो, साखर भरत नाही आणि गूळ मऊ पडतो. तोडीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडा, भारी काळ्या जमिनीत त्याहून थोडं आधी. फडात चार-पाच ठिकाणी उसाच्या खालच्या आणि वरच्या कांडीचा ब्रिक्स घ्या. दोन्ही जवळ आले की ऊस तयार. वाढे (उसाचे हिरवे शेंडे) सोडताना वरची दोन-तीन कच्ची कांडीही सोडा. वजन वाढवायला ती ठेवली तर गूळ बसायला त्रास देतात. शिरोळकडच्या क्षारपड जमिनीतला ऊस आणत असाल तर तो वेगळा गाळा. त्या गुळाला खारट चव येते आणि तो हवेतलं पाणी ओढून लवकर सुटतो.

तोडलेला ऊस २४ तासांत घाण्यात जायला हवा. यात तडजोड नको. तोडून दोन-तीन दिवस पडलेला ऊस वजनाला हलका होतो, आणि त्यातली साखर फुटते. मग पाक गोळीबंद होत नाही. तो बसवायला लोक साखर घालतात, रंग आणायला हायड्रॉस (रंग उजळवणारी गंधकयुक्त पूड) घालतात, आणि दोष उसाच्या वाणाला देतात.

काहिलीतलं काम तुमचा गुळव्या (गूळ शिजवणारा कारागीर) जाणतो, त्यामुळं तिथं मोजण्याच्या तीन जागाच सांगतो. पहिली चुना. ताज्या रसाचा सामू (पीएच) सव्वापाचच्या आसपास असतो. निवळी थोडी थोडी घालून, पीएच पट्टीवर बघत ६ ते ६.४ पर्यंत आणा. त्यापुढं गेलात तर गूळ काळा पडतो. मापट्यानं ठरावीक चुना घालणं चुकीचं, कारण प्रत्येक फडाचा रस वेगळा असतो. दुसरी जागा मळी, म्हणजे रस तापल्यावर वर येणारी घाण. रानभेंडीचा चिकट रस, हजार लिटरला दोन किलो भेंडीपासून सुरुवात करा, आणि ८५ अंशांच्या आसपास मळीचा जाड थर वर येईपर्यंत जाळ मुद्दाम मंद ठेवा. उकळी फुटली की मळी रसात पुन्हा मिसळते, आणि मग ती कशानंच निघत नाही. मागच्या काहिलीत तापलेला रस असेल तर ही पायरी तिथंच निम्मी होते. तिसरी जागा तापमान. काकवीसाठी (पातळ गुळासाठी) १०५-१०६ अंश, ढेपेच्या गुळासाठी ११८ च्या आसपास. पण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे, इथं पाणी ९८ अंशांवरच उकळतं. त्यामुळं पुस्तकातला आकडा तसाच धरला तर पाक दोन अंश पुढं जातो आणि कडेला करपतो. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा, शंभराला जेवढा कमी दाखवेल तेवढे अंश कमी धरा. मग गार पाण्यातल्या गोळीशी ताळा करा: बोटांनी वळलेली गोळी भांड्यावर आपटल्यावर टणक वाजली की काहील उतरवा. वाफ्यात ओतल्यावर गूळ किती वेळात धरतो ते लिहून ठेवत गेलात तर पुढच्या आधणाला एक अंश खाली-वर करायचं ते आपोआप कळतं.

हायड्रॉसबद्दल मी स्पष्टच सांगतो, ते बंद करा. त्यानं आलेला पिवळा रंग टिकत नाही, साठवणीत गूळ पुन्हा काळवंडतो, आणि गंधकाचे अंश खाणाऱ्याच्या पोटात जातात. सौद्यात पिवळ्या रव्याला (गुळाच्या ढेपेला) दर जास्त निघतो हे खरं आहे, आणि तुम्ही एकट्यानं बंद केलंत तर पहिली काही आधणं तोटा वाटेल. ताजा पक्व ऊस, नीट काढलेली मळी आणि बरोबर चुना यांनी येणारा सोनेरी-तांबूस रंग हा खरा रंग. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते या मातीच्या गुळाला, आणि ते नाव टिकवायचं काम गुऱ्हाळवाल्यांचंच आहे. एक-एक किलोच्या वड्या करून तपासणीच्या अहवालासह थेट विकायची तयारी असेल तर रंगाचा दबाव बराच कमी होतो.

जळणाच्या टंचाईत जुने टायर, चपलांचे तुकडे, प्लास्टिक, चिंध्या हे घालण्याचा मोह होतो. मुळीच घालू नका. त्या धुरानं जाळ घालणाऱ्या गड्याची छाती जाते, उघड्या काहिलीत काजळी पडते, आम्लयुक्त वायूनं काहिलीचं बूड आणि धुराडं खातं. तुम्ही लिहिलेलं 'मिळेल ते जळण' यातलं असेल तर वरची सगळी दुरुस्ती त्यासाठीच करा.

पाचटही (उसाचा वाळलेला पाला) चुलवाणासाठी फडातून उचलू नका. त्यात पोटॅश जास्त असल्यानं जाळीवर राखेचे खडे वितळून चिकटतात आणि हवा बंद करतात. त्याची खरी किंमत शेतात आहे. एकरी तीन-चार टन पाचट सरीत पसरून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकलं तर खोडव्याला (तोडीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाला) पाणी कमी लागतं आणि तण दबतं. चुलवाणातली राख शेतात चालते, चोपण किंवा क्षारपड रानात मात्र नको. मळी आणि काहील धुतलेलं पाणी ओढ्याला सोडू नका. साखरेचं पाणी ओढ्यातला प्राणवायू संपवतं आणि पुढं ते पंचगंगेतच जातं. खड्ड्यात पाचट-शेणाचे थर देऊन त्यावर ते जिरवलं की उत्तम खत होतं.

बॉयलरचं म्हणाल तर तो वाईट नाही. वाफेनं उष्णता सारखी मिळते, करपणं कमी होतं, गूळ स्वच्छ निघतो. पण ११८ अंशांचा पाक आटवायला वाफ १५० अंशांच्या आसपास, म्हणजे चार-पाच किलो दाबाची हवी. त्याला नोंदणी, दरवर्षीची तपासणी, परवानाधारक चालक आणि क्षार काढलेलं पाणी लागतं. बोअरचं पाणी थेट घातलं तर नळ्यांत खपली धरते आणि जळण वाचायचं सोडून वाढतं. चार-पाच महिने चालणाऱ्या, दिवसाला पाच आधणांच्या गुऱ्हाळाला हा बोजा झेपणं अवघड. काकवी, पावडर, वड्या असं आठ-नऊ महिने काम असेल, किंवा चार-पाच गुऱ्हाळवाले एकत्र येत असाल, तर जरूर विचार करा. आणि तेव्हाही चिपाड वाळवावंच लागेल, ओलं चिपाड बॉयलरलाही तेवढंच जड.

सगळं एकदम करायला जाऊ नका. या आठवड्यात पोत्याची वाळवण-चाचणी, चुलवाणाच्या फटी, झाकण आणि राखेचा खड्डा. मग झडप. मोसमाच्या मध्यात एखाद्या खाड्याच्या दिवशी काजळी खरवडून घाण्याची चाचणी घ्या. मागची काहील पुढच्या पावसाळ्यात बांधा, कारण चालू मोसमात चुलवाण उघडलं तर आठवडा जातो. आणि सलग सात दिवस प्रत्येक आधणाला पाच आकडे वहीत लिहा: उसाचं वजन, रसाचं वजन, ब्रिक्स, जाळलेलं चिपाड, निघालेला गूळ. ते आणि काहिलीचा व्यास, जाळीची लांबी-रुंदी, धुराड्याची उंची इथं टाका. त्यावरून मागच्या काहिलीचं माप आणि जाळीचं अंतर नेमकं सांगता येईल.